सोयाबीनची धार

"आजपासून या घरात म्हशीचं दूध बंद!"

बबनरावांनी हे जाहीर केलं तेव्हा चंद्रभागाबाई गोठ्यातून धार काढून येत होत्या आणि त्यांच्या हातातल्या चरवीवर पांढराशुभ्र फेस होता. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग फेसाकडे पाहिलं आणि चरवी ओट्यावर ठेवली. बबनरावांनी सकाळी उठून काहीतरी बंद करणं ही त्या घरात नवी गोष्ट नव्हती. मागे त्यांनी साखर बंद केली होती, ती पाहुण्यांच्या घरी शिरा समोर येईपर्यंत. टीव्ही बंद केला होता, तो निवडणुकीच्या निकालापर्यंत.

"बरं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मंग चहा कशाचा करू?"

"सोयाबीनच्या दुधाचा."

"सोयाबीनला कवाधरनं आचळं फुटली?"

"हसू नगंस. ही बघ मशीन!" बबनरावांनी खोक्यातून एक चकचकीत, झाकणाचा, वायर लोंबणारा डबा बाहेर काढला. "सोयाबीन भिजवून घालायचं, पाणी वतायचं, बटन दाबायचं. दूध तयार! शेण न्हाई, मूत न्हाई, लाथ न्हाई."

बबनराव म्हणजे धारूरच्या घाटाखालच्या बोरखेडवाडीचे माजी सरपंच. सरपंचपद जाऊन जमाना झाला, पण नुसतं 'बबनराव' म्हणून हाक मारली तर ते अजूनही ओ देत नाहीत. दिवाळीत ते धाकट्या लेकाकडे, आदिनाथकडे पुण्याला गेले होते. तिथे उन्हातून फिरून आल्यावर सुनेनं, संस्कृतीनं त्यांना बदामाचं थंडगार गोड दूध दिलं. आमच्या सोसायटीत हल्ली सगळे असलंच पितात, कुणी बदामाचं, कुणी ओटचं, कुणी सोयाबीनचं, असंही तिनं सांगितलं. बबनरावांच्या घरी तर सोयाबीनची पोती भावाची वाट बघत थप्पीला लागलेली. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भाव देत नाहीत काय? मग विकायचंच नाही. प्यायचं!

निघताना आदिनाथनं आपलं मशीन गाडीच्या डिकीत स्वतः आणून ठेवलं. आता ज्या पोरानं बापाला कधी आपण होऊन रुमाल दिला नाही, तो एवढं महागाचं मशीन का देतोय, हा विचार बबनरावांनी करायला हवा होता. त्यांनी तो केला नाही. आदिनाथच्या फ्रिजच्या दारात म्हशीच्या दुधाच्या पिशव्या पुन्हा रांगेने उभ्या राहिल्या होत्या, आणि अख्ख्या सोसायटीतली मशीनं माळ्यावर जाऊन बसली होती, हे त्यांना कुणी सांगितलंही नाही.

"अन् मथुराचं काय करायचं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"काय म्हंजे? इकायची. रिकामं जनावर कावून पोसायचं? गेवराईच्या यापाऱ्याला, अर्जुनरावाला फोन लावतो एखांद्या दिवशी."

इथे मात्र चंद्रभागाबाईंनी कमरेला पदर खोचला. मथुरा जन्मली त्याच दिवशी तिची आई दगावली होती. चंद्रभागाबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून, थंडीत स्वतःची गोधडी घालून जगवलं होतं. थोरला लेक ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन कारखान्यावर, धाकटा पुण्यात; दोघांनाही फोन करावा तर 'आई, नंतर बोलतो' म्हणायचे. मथुरा तेवढी हाक मारली की मान वर करायची. तिला दुसऱ्याचा हात चालत नसे, धार काढायला दुसरं कुणी बसलं की लाथ ठरलेली.

"मथुरा या दावणीची कुठं जायची न्हाई. सांगून ठिवते," त्या म्हणाल्या.

"बघू," बबनराव म्हणाले, आणि मशीनला नारळ फोडायला गेले.

पहिल्या दिवशी थोरली सून मंगल हिनं सोयाबीनच्या दुधाचा चहा केला. तो पातेल्यातच फाटला. तिनं गाळून, आलं ठेचून, वेलदोडा टाकून कसाबसा कपात आणला, तरी शेंगांचा कच्चा वास काही जाईना.

"मामा, कसा झालाय?" तिनं भीत भीत विचारलं.

"बेस!" बबनराव डोळे गच्च मिटून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या दुधाला विरजण लावलं. सकाळी पाहतात तर वर पाणी आणि खाली पिठलं. ताक नाही, दही नाही, भाकरीवर लोण्याचा गोळा नाही. बबनराव कोरड्या भाकरीचे तुकडे मोडत बसायचे आणि पुण्याला फोन करून "लई हलकं वाटतंय बरं का" असं सांगायचे. तिकडून आदिनाथ "वा आबा, वा!" म्हणायचा आणि घाईघाईनं फोन ठेवायचा. घरात मात्र बबनराव कावळ्यावर ओरडत, गेटच्या कडीवर ओरडत, येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडत. संध्याकाळी धार काढायची वेळ झाली की त्यांचे पाय आपोआप गोठ्याच्या दाराशी जात. आत चरवीत चुळ्ळ चुळ्ळ वाजायला लागलं की ते आवंढा गिळून परत फिरत.

चार-पाच दिवसांत त्यांचा धीर सुटला. पण धीर सुटला म्हणून शब्द मागे घेईल तो सरपंच कसला!

"ही म्हैस दारात हाय तवर माझं मन थाऱ्यावर राहत न्हाई," ते गरजले. "वास येतो, आवाज येतो, माणसानं संयम ठिवायचा कसा? उद्याच्या उद्या अर्जुनरावाला बोलवतो. एकदा ती गेली की सुटलो!"

चंद्रभागाबाईंना रात्रभर झोप नाही. नवऱ्याला समजावण्यात अर्थ नव्हता. 'डावीकडे जा' म्हटलं की तो उजवीकडे जाणार, हे त्या लग्नाच्या मांडवापासून ओळखून होत्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची दयाही येत होती. कोरड्या भाकरीसमोर बसलेला तो माणूस त्यांना बघवत नव्हता. सकाळी त्यांनी मंगलला जवळ बोलावलं.

"मंगल, मशीनचं दूध वत मथुराच्या आंबोणात. अन् मथुराचं दूध गाळ मशीनच्या भांड्यात."

मंगलनं पेंड-कोंड्याच्या घमेल्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. "आत्याबाई, आसली फसवणूक म्हंजे पाप न्हाई का?"

"नवऱ्याच्या पोटात दूध घालणं पाप असतंय व्हय? मामाचं मन शांत झालं की ते मथुराचं नाव काढणार न्हाईत. वत गुमान!"

मथुरानं ते आंबोण घमेलं चाटूनपुसून खाल्लं. इकडे बबनरावांनी चहाचा पहिला घोट नेहमीसारखे डोळे मिटून घेतला, आणि डोळे टक्क उघडले.

"अगं! ह्याला तर साय हाय!"

"मशीन नवी व्हती, आता रुळली आसंल," चंद्रभागाबाई तवा पुसत म्हणाल्या.

"मी म्हणलोच व्हतो! नव्या जितराबालाबी दावणीला रुळाया येळ लागतो. मशीनला लागायचाच!" त्यांनी पाठोपाठ तीन कप घेतले. दुपारी दही लागलं ते सुरीनं कापावं असं. बबनराव दोन भाकरी जास्त जेवले, मंगलच्या भाजीला नावाजलं, कावळ्याला तुकडा घातला. अर्जुनरावाचं नाव निघालं नाही. सासू-सुनेनं सुटकेचा श्वास टाकला.

तो श्वास जरा लवकरच टाकला. कारण बबनरावांना सुख झालं की ते एकट्यानं भोगत नसत. दुसऱ्या दिवशी ते किटली घेऊन फाट्यावरच्या शहादेवच्या हॉटेलात हजर झाले.

"काय बे शहादेव, मशीन आणली तवा लई हसला व्हतास न्हाई का? कर ह्या दुधाचा चहा अन् दे सगळ्यांला!"

शहादेवनं चहा केला, बशीत ओतला, फुर्रकन ओढला आणि मिशीला लागलेली साय बोटानं पुसली. "सरपंच, ह्याची चव तर डिट्टो म्हशीच्या दुधावानी लागती."

"आस्सं! म्हंजी आता म्हशीची गरजच काय?"

बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी तांब्या घेऊन येई, कुणी वाटी. बबनराव कुणाला नाही म्हणत नसत. "न्या, न्या! सोयाबीन बक्कळ हाय. मंगल, वत त्यांला!" मंगल स्वयंपाकघरात जाऊन मशीन घरघर वाजवी आणि मथुराचं दूध आणून देई. मग रोज डेअरीच्या संकलन केंद्रावर घालायचं दूध उरेना. बबनराव तर तिथे रोज डोकावणारे.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "मशीन वाढली अन् म्हैस आटली! आता तरी पटलं का?"

खरं म्हणजे मथुरा सोयाबीन चापून आणखी तजेलदार झाली होती आणि पूर्वीपेक्षा जास्तच दूध देत होती, पण ते बोलून दाखवायची सोय राहिली नव्हती. चंद्रभागाबाई आपल्याच दाव्यात अडकल्या होत्या. खरं सांगितलं तर गावासमोर नवऱ्याचं नाक कापलं जाणार आणि तो रागानं मथुराला विकणार. नाही सांगितलं तर आनंदानं विकणार. आणि आनंदानंच बबनरावांनी त्या दिवशी अर्जुनरावांना फोन लावला.

अर्जुनराव गेवराईचे. आडवा बांधा, झुपकेदार मिशा, हातात काठी. नुसत्या चालीवरून जनावर किती वेताचं आहे ते सांगणारा माणूस. शनिवारी दुपारी त्यांची पिकअप दारात थांबली. गाडीत एक काळीभोर, शेलाट्या शिंगांची वगार उभी होती. ही अजून न व्यालेली तरणी म्हैस त्यांनी येता येता वाटेतल्या एका वाडीवर घेतली होती.

"सरपंच, माझा रिवाज ठावं हाय ना?" अर्जुनराव बाजेवर बसत म्हणाले. "सांजची अन् सकाळची, दोन धारा डोळ्यानं बघितल्याबिगर मी दुभतं जनावर घेत न्हाई. आज मुक्काम करणार."

"करा की! घर तुमचंच हाय."

धारेच्या वेळी मंगल सासूच्या कानाला लागली. "आत्याबाई, आज दोन आचळं भरलेलीच सोडा. म्हैस आटली म्हणून पाव्हणं परत जातील."

चंद्रभागाबाईंनी मान हलवली. ठरवलं. चरवी घेऊन बसल्या. पण त्यांचा हात लागताच मथुरानं असा पान्हा सोडला की बोटं थांबायलाच तयार होईनात. परक्या माणसासमोर मथुराला बट्टा लावायचा? तिला बाटलीनं वाढवली ती यासाठी? चरवी काठोकाठ भरली, फेस बाहेर आला.

"वा! लक्षुमी हाय लक्षुमी!" अर्जुनराव ओरडले. "आटली कोण म्हणतंय? सकाळची धार बघितली की यवहार पक्का!"

चंद्रभागाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीत काहीही नसताना धूर झाल्यासारखे डोळे पुसत बसल्या. आपल्याच हातानं घालवली, असं त्या मंगलला म्हणाल्या. मंगलनं चहा टाकला.

बाहेर अर्जुनरावांनी दोन कप संपवले. "चहा लई झकास! म्हशीच्या दुधाची बातच न्यारी."

बबनराव याच वाक्याची वाट बघत होते. त्यांनी मांडीवर थाप मारली. "पाव्हणं, फसलात! हे म्हशीचं न्हाईच. सोयाबीनचं हाय!"

"काय बोलता सरपंच! याला साय व्हती."

"मशीनची साय! मंगल, आण गं मशीन."

मशीन बाजेवर आलं. अर्जुनराव उठले आणि काठी बगलेत धरून त्याच्याभोवती एक फेरा मारला. झाकण उघडून आतली पाती पाहिली. "दातं चांगली हायत. कवळं वय दिसतंय. खाती किती?"

"वाटीभर सोयाबीन."

"गाभण ठेवाया लागती?"

"छ्या!"

"भाकड काळ?"

"न्हाईच. बारमाही!"

"लाथ?"

"पायच न्हाईत!"

अर्जुनराव खाली बसले. त्यांनी मिशीला ताव दिला आणि म्हणाले, "सरपंच, मला म्हैस नगं. ही द्या."

बबनराव दचकले. "न्हाई, न्हाई. मशीन इकाऊ न्हाई. म्हशीचं बोला."

"ज्या गावात आसली मशीन हाय त्या गावाची म्हैस घेऊन मी काय करू? उद्या घरोघर ही मशीन आली की म्हशीला इचारणार कोण? देत असाल तर मशीन द्या, न्हाई तर राम राम."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या चंद्रभागाबाईंच्या डोळ्यातलं पाणी जागच्या जागी आटलं. त्या लगबगीनं बाहेर आल्या आणि मशीनला दोन्ही हातांनी कवटाळून उभ्या राहिल्या.

"आवं, काय वाट्टेल ते करा, पण मशीन देऊ नगा! माझा लई जीव जडलाय हिच्यावर!"

बबनरावांनी बायकोकडे पाहिलं. घरात बायको नको म्हणते आणि ती गोष्ट आपण करत नाही, असं पाहुण्यासमोर होऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बायकांच्या जिवावर यवहार चालत न्हाईत," ते कडाडले. "अर्जुनराव, बोला!"

"बोलतो. पण रिवाज म्हंजी रिवाज. दोन धारा बघणार. सांजची अन् सकाळची."

मंगलच्या हातातला कप पाट्यावरवंट्याएवढा जड झाला असावा, कारण तो खाली पडला. आजवर मशीन आतल्या खोलीत वाजत होतं. आता ते अंगणात, बाजेवर, जनावरं पारखण्यात केस पांढरे झालेल्या माणसासमोर चालवायचं होतं. पण चंद्रभागाबाईंना आता मागे फिरायला जागा नव्हती. त्यांनी सकाळसाठी भिजवलेलं सोयाबीन आणलं, पाणी घातलं, बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं. अर्जुनराव त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि टक लावून बघू लागले.

मशीन थांबलं. आता भांड्यात ओतायची वेळ आली.

"भाऊ," चंद्रभागाबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढत म्हणाल्या, "तुमी एवढं जनावरातलं माणूस, अन् आसं पुढ्यात बसता? परक्या माणसाची नजर पडली की पान्हा चोरती हो!"

अर्जुनरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "चुकलं वैनी, चुकलं! मथुराच्या टायमाला मी लांब उभा व्हतो, हिच्यापुढं बसलो. उठा सरपंच, पाठ करा!"

दोघे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चंद्रभागाबाईंनी मशीनवर पदर धरला. पदराखालून मंगलनं एक भांडं नेलं आणि दुसरं आणलं.

"फिरा आता," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

भांड्यात वाफाळतं दाट दूध होतं. अर्जुनरावांनी बोट बुडवून चाखलं आणि नुसती मान हलवत राहिले. सकाळी पुन्हा तेच. या वेळी ते सांगायच्या आतच भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि दुसरी धार पहिलीपेक्षा सरस निघाली.

मग दोघांनी उपरण्याखाली हातात हात घातले आणि बाजारातल्या रिवाजाप्रमाणे बोटं दाबून सौदा सुरू झाला. उपरण्याखाली हात गेला की बबनरावांना अंगात आल्यासारखं व्हायचं. आपण काय विकतोय आणि काय घेतोय याचं त्यांना भान राहत नसे. बोटं बराच वेळ वळवळली. शेवटी हात बाहेर आले तेव्हा ठरलं होतं ते असं: मशीन अर्जुनरावांचं आणि पिकअपमधली वगार बबनरावांची.

मंगलनं मशीनला हळदकुंकू लावलं. अर्जुनराव उचलायला वाकले, तोच चंद्रभागाबाईंनी वायर काढून घेतली.

"दावं देत नसत्यात, भाऊ. जनावर गेलं तरी दावं घरीच राहतं."

"बरुबर हाय," अर्जुनराव म्हणाले. "मी नवं घेतो." त्यांनी मशीन पुढच्या सीटवर बसवलं आणि गेवराईचा रस्ता धरला. वायर गोठ्यातल्या खुंटीवर दाव्यांशेजारी लोंबू लागली. खाली मथुरा आणि वगार शेजारी शेजारी रवंथ करत होत्या.

संध्याकाळी चहा आला तेव्हा बबनराव म्हणाले, "आता काय, नाइलाज. दुसरी मशीन येईस्तवर म्हशीचंच प्यायचं." त्यांनी घोट घेतला आणि कप खाली धरला. "चव तर तीच लागती गं."

"तुमच्या जिभेवर सोयाबीन बसलंय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आता काईबी प्यालात तरी तसंच लागणार."

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याच वेळी अर्जुनरावांचा फोन आला. बबनराव फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, आपल्याला कुणाकुणाचे फोन येतात ते गल्लीला कळावं म्हणून.

"सरपंच, धोका केलात!" फोन थरथरला. "नवं दावं लावलं, चांगलं निवडून सोयाबीन घातलं. दूध कुठंय? नुसतं पाणी, अन् वास मारतंय! चहा फाटला, बायकू हसती, भाऊबंद हसत्यात!"

"जागा बदलली, पाव्हणं," बबनराव म्हणाले. "पान्हा चोरत आसंल."

"मी तोंड सुदीक भिताडाकडं करून उभा राहिलो! कितीदा? ते काई न्हाई. उद्या येतो. तुमची मशीन तुमाला, माझी वगार मला, अन् आधी ठरल्यापरमाणं मथुरा माझी. न्हाई म्हणलात तर अख्ख्या बाजारात सांगन, बोरखेडवाडीचा सरपंच लबाड हाय म्हणून!"

बबनरावांचा चेहरा पडला. "या," ते कसंबसं म्हणाले. "शब्द दिल्ता तर... न्या मथुराला."

चंद्रभागाबाईंनी हातातलं पीठ लुगड्याला पुसलं आणि नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला. आता जे होईल ते होवो.

"भाऊ, मी बोलती. तुमच्या दावणीला दुभती म्हैस हाय का?"

"हायत की, दोन."

"मंग ऐका इलाज. मशीनचं दूध निघालं की म्हशीच्या आंबोणात वतायचं. अन् म्हशीचं दूध काढून मशीनच्या भांड्यात गाळायचं. वर पदर धरायचा. मंग बघा साय येती का न्हाई."

बबनरावांचा कप ओठाला लागून तिथेच थांबला होता. मंगल कणिक मळायचं विसरून दारात उभी होती.

मग फोनमधून खर्र खर्र असा आवाज आला. आधी वाटलं फोन बिघडला. अर्जुनराव हसत होते.

"वैनी!" ते म्हणाले. "म्हंजे दोन्ही दिवस... मी भिताडाकडं तोंड करून... आरारारा! जिंदगी गेली जनावराच्या बाजारात, पण आसं कुणी गंडवलं न्हाई! वैनी, हात जोडले तुमाला!"

"वगार न्या भाऊ तुमची. पण मथुरा नगा नेऊ. माझं लेकरू हाय ती."

"राहू द्या वगार! एवढी अक्कल फुकट थोडीच मिळती? अन् मशीन परत मागू नगा म्हणावं सरपंचाला. केजचा एक पाव्हणा बघाया येतोय परवा. तोबी म्हणतो, दोन धारा बघणार." पुन्हा खर्र खर्र आवाज झाला आणि फोन बंद पडला.

चंद्रभागाबाईंनी फोन हळूच बाजेवर ठेवला. बबनराव त्यांच्याकडे बघत नव्हते. ते कपातल्या सायीकडे बघत होते. बघता बघता त्यांचे कान लाल झाले. शहादेवचं हॉटेल, किटली, तांब्या घेऊन आलेली माणसं, भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले आपण, सगळं त्यांना एकदम आठवत असावं. ते उठले आणि तडक गोठ्यात गेले.

चंद्रभागाबाई मागोमाग धावल्या. "आवं, चूक माझी हाय. मला काय बोलायचं ते बोला. मुक्या जीवावर राग काढू नगा!"

बबनराव मथुरासमोर उभे होते. मथुरानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या सदऱ्याला नाक घासलं. त्यांनी खुंटीवरच्या वायरकडे पाहिलं. मग वाकून आंबोणाच्या घमेल्यात हात घातला, ढवळलं, आणि भुवया चढवल्या.

"सोयाबीन कुठंय ह्याच्यात?"

"मशीन गेली तवापासून... न्हाई घातलं," चंद्रभागाबाई चाचरत म्हणाल्या.

"तरीच! दोन दिवस चहाला मागची चव न्हाई. मशीनला खुराक न्हाई म्हणल्यावर दूध पातळ येणारच की! एवढं कळत न्हाई तुला?" बबनराव ओरडले. "मंगल, पोतं सोड! रोज भिजवून, भरडून, ह्या मशीनला येळच्या येळी घालायचं. अन् त्या धाकट्या मशीनलाबी!"

वगारीनं शेपटी हलवली. चंद्रभागाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही दाबलं गेलं नाही. ते ऐकून बबनरावांच्याही मिशा हलल्या, आणि ते पटकन पाठ फिरवून भिंतीकडे बघू लागले.

"काढ धार," ते म्हणाले. "मी बघत न्हाई."

त्याच आठवड्यात आदिनाथचा पुण्याहून फोन आला. सोसायटीतल्या लोकांना घरचं तूप हवंय, मथुराचं मिळेल का, म्हणून विचारत होता. बबनरावांनी त्याला मशीनबद्दल एक अक्षर विचारलं नाही, फक्त म्हणाले, "नंबर लावावा लागंल." शहादेवच्या हॉटेलात मात्र त्यांची किटली अजून रोज येते, आणि कुणी विचारलंच तर बबनराव आजही छाती पुढे काढून सांगतात की आमच्या घरचं दूध सोयाबीनचंच हाय, फक्त मशीन बदलली.